धोंडिरामच्या हातून पडलेलं मशीन

"आक्का, ही साखळी धर. ओढायची न्हाई हं. मी 'ओढ' म्हटलं तरच ओढायची, 'बास' म्हटलं की हात काढून घ्यायचा."

धोंडिरामने साखळी माझ्या हातात दिली आणि तो मशीनकडे वळला. मी पदर खोचला, करंजाच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. सकाळचं ऊन नुकतं गल्लीत उतरलं होतं. समोर, गल्लीच्या मधोमध, लाकडी ओंडक्यांच्या जाड पाटावर आमचं मशीन उभं होतं. माणसापेक्षा उंच. सबंध बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं.

धोंडिराम माझा पाठचा भाऊ. कोल्हापुरात उद्यमनगरात कारखान्यांची अवजड यंत्रं हलवायचं काम करायचा. एका शेडमधलं लेथ उचलायचं, दुसऱ्या शेडमध्ये नेऊन जागेवर बसवायचं. पहारी, पाइपचे तुकडे, दोन जॅक, एक चेनपुली आणि आण्णू व खलील ही दोन माणसं, एवढाच त्याचा संसार. त्याच्या हातून आजवर एकही मशीन पडलं नव्हतं. हे तो स्वतः कधी म्हणत नसे. लोक म्हणत. एखाद्या मालकाचं जर्मनीहून मशीन आलं की तो म्हणायचा, "धोंडिराम येईपर्यंत पेटीला हात लावू नका." आमची आई ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना सांगत असे, जणू तिनंच जर्मनीहून मशीन मागवलं होतं.

आमचं मशीन म्हणजे बँडसॉ. खाली एक मोठं चाक, वर एक मोठं चाक, आणि दोन्हीवरून फिरणारं करवतीचं अखंड पातं. दोन चाकांना जोडणारी बिडाची वाकडी मान. आमचे हे, म्हणजे माझे यजमान महिपती सुतार, ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो, ते काम. कारखान्याने लाकूडविभाग बंद करायचा ठरवलं तेव्हा ह्यांनी नोकरी सोडली. जे काही हातात आलं त्यात त्यांनी हाच बँडसॉ विकत घेतला, ज्याच्यावर त्यांची उभी हयात गेली होती. पाचगावात आमच्या घरामागं पत्र्याची शेड उभी केली. मशीनसाठी काँक्रीटचा पाया घातला. त्या पायावर मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची. शेजारणी विचारायच्या, "काय लावलंय गं?" मी म्हणायची, "कारखाना."

मला त्या शब्दाचं फार कौतुक होतं.

अडचण एकच होती. मोठ्या रस्त्यापासून आमच्या घरापर्यंतची गल्ली अरुंद. टेम्पो तोंडाशीच थांबायचा, क्रेन तर वळूच शकत नव्हती. धोंडिराम आधी दोनदा येऊन गल्ली बघून गेला होता. उजव्या हाताला पाटलांच्या घराचं काळ्या दगडाचं जोतं, जोत्याला लागून गटार, गटारावर शहाबादी फरश्या. डाव्या हाताला मोकळा प्लॉट, दगडगोट्यांनी भरलेला, आणि त्याच्या कडेला करंजाचं झाड. त्याने पहारीने एकेक फरशी ठोकून पाहिली होती. मी दारात उभी राहून बघत होते. प्रत्येक फरशीवर तो कान लावून ऐकल्यासारखा थांबायचा.

"एवढं काय बघतोस?" मी विचारलं होतं.

"मशीन उंच हाय आक्का. डोक्याकडं जड. आडवं करून नेलं तर मानेवर वजन येतंय, बीड कडक असतंय, वाकत न्हाई, सरळ तुटतंय. उभंच न्यायला पायजे. आणि पाटलाच्या जोत्यापाशी वाट गटाराकडं कलती हाय."

म्हणून तर ती चेनपुली होती. मशीनच्या डोक्याला जाड पट्टा बांधायचा, तो प्लॉट ओलांडून करंजाला अडकवलेल्या पुलीला जोडायचा, म्हणजे मशीन गटाराकडं झुकणार नाही. त्या पुलीची साखळी एका माणसाच्या हाताने ओढली तरी खंडीभर वजन तसूतसूने हलतं. हात सोडला तरी ते मागं येत नाही, तिथल्या तिथं धरून ठेवतं. धोंडिरामने मला हे सगळं समजावून सांगितलं होतं, कारण त्या दिवशी माणसं कमी होती. आण्णू मागून पहारीने रेटणार, खलील मागचे पाइप काढून पुढं घालणार, हे पुढून पाट सरळ ठेवणार, आणि धोंडिराम स्वतः उजवीकडं, जोत्याच्या बाजूला. सगळ्यात वाईट जागा तो नेहमी स्वतः घ्यायचा. टेम्पो राहिलेलं सामान आणायला, मशीनची मोटार आणि वरचं टेबल, परत कारखान्याकडं गेला होता.

"दाजी, घाई न्हाई," धोंडिराम ह्यांना म्हणाला. "संध्याकाळ झाली तर होऊ दे."

"मला कुठं घाई आहे?" हे म्हणाले. पण त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

पाइपांवरून पाट सरकू लागला. करकर आवाज, मग खलीलचं "थांब", मग पुन्हा करकर. मी कधी साखळी ढिली केली, कधी ताठ. धोंडिराम न बघताच सांगायचा, "थोडी ढिल दे आक्का... बास." मला वाटलं, आपणही कारखान्याच्या कामाला लागलो. खरंच तसं वाटलं. पाटलांच्या घरातली माणसं शेतावर गेली होती. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं, आणि आमची मुलगी वनिता शाळेत होती.

अर्धं जोतं ओलांडलं असेल. तेवढ्यात एका फरशीतून कडकन आवाज आला.

वरून ती फरशी ठणठणीत दिसत होती. ठोकल्यावर वाजलीही होती. नंतर कळलं, तिच्या खालची भिंतच गटाराच्या पाण्याने धुऊन गेली होती. फरशी तुटली, पाटाची उजवी बाजू खाली गेली, आणि धोंडिरामचा डावा पायही तिच्याबरोबर गटारात गेला. पाटाचा ओंडका एका बाजूला, जोत्याचा दगड दुसऱ्या बाजूला, मध्ये गुडघ्याखालचा पाय. मशीन वरून त्याच्याकडं झुकलं. माझ्या समोरची साखळी एकदम ताठ झाली, पुली कुरकुरली, करंजाची पानं थरथरली. पट्टा धरून राहिला म्हणून ते अंगावर आलं नाही.

धोंडिराम ओरडला नाही. त्याने नुसता दोन्ही हातांनी जोत्याचा दगड धरला.

"हलू नका कुणी," तो म्हणाला. "आण्णू, पहार तिथंच ठेव. खलील, मागं पाचर मार. मशीन धरून हाय."

हे धावत आले. गुडघ्यावर बसले. त्यांनी धोंडिरामचा हात धरला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात लोकांना ते कोरडे वाटतील. तसे ते नव्हते. त्यांनी त्याचा हात धरला, पाय कुठं अडकलाय ते वाकून पाहिलं, मग मशीनच्या मानेकडं पाहिलं.

"जॅक कुठाय?"

"टेम्पोत," आण्णू म्हणाला. "सीटखाली."

"टेम्पो येईल आता," हे म्हणाले. "येतच असेल. जॅक लागला की पाट वर घेऊ. धोंडू, जरा कळ काढ."

"काढतो की."

"अहो, पण पाय?" मी झाडाखालून ओरडले.

"तू साखळी धरून राहा!"

मी धरून राहिले. आण्णूने पहार पाटाखाली घालून पाहिली. पहारीला टेकवायला घट्ट जागाच नव्हती, फरशीचे तुकडे ढासळत होते. खलीलने एक पाचर मारली. तीही चिखलात गेली. गटाराचं काळं पाणी वर यायला लागलं, आणि त्या पाण्यात मला तांबूस काहीतरी दिसलं. किंवा वाटलं असेल. मी तशी लांब होते.

मग खालचा आणखी एक तुकडा ढासळला. पाट बोटभर खाली बसला. यावेळी धोंडिरामच्या तोंडून आवाज निघाला. माझ्या भावाचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. लहानपणी विळ्याने त्याचा अंगठा तुटता तुटता वाचला होता, तेव्हाही नाही.

मी साखळी ओढली.

एकदा ओढली आणि पुलीतून खटखट आवाज आला. सगळ्यांनी वर पाहिलं. मला काय होणार ते कळत होतं. मी अडाणी नव्हते, आणि त्यानेच मला शिकवलं होतं. मशीनचं डोकं प्लॉटच्या बाजूला ओढलं की उजवी बाजू उचलणार, पाय सुटणार. पण एकदा डोकं मधोमध येऊन पुढं गेलं की त्याला धरणारं तिकडं कुणीच नव्हतं.

"आक्का, ओढू नको!" धोंडिराम म्हणाला.

मी ओढत राहिले.

"हौसा!" हे उठून उभे राहिले. लग्न झाल्यापासून त्यांनी चारचौघांत मला नावानं हाक मारली नव्हती. "हौसा, साखळी सोड! फुटेल ते! सोड म्हणतोय ना!"

ते माझ्याकडं धावले. पण मध्ये प्लॉटमधले दगड होते, वर ताठलेला पट्टा होता, आणि त्या पट्ट्याखालून यायचं म्हणजे झुकत्या मशीनच्या वाटेत यायचं. ते थबकले.

"आक्का, ऐक माझं! दाजींचं ऐक! ओढू नको!"

मला वाटलं, तो ह्यांच्यासाठी बोलतोय. बहिणीच्या नवऱ्याचं नुकसान नको म्हणून. लहानपणापासून तसाच होता, ताटातलं शेवटचं दुसऱ्याला देणारा. मी मनात म्हटलं, तू गप्प बस, मी तुझी मोठी बहीण आहे. आणि हातावर हात टाकत साखळी ओढली.

पाट वर आला. "सुटला!" खलील ओरडला. दोघांनी धोंडिरामला काखेत धरून जोत्यावर ओढून घेतलं. मी हात काढले. पण मशीनचं डोकं मधल्या रेषेपलीकडं आलं होतं. क्षणभर ते तसंच उभं राहिलं, कुठं जावं ते ठरत नसल्यासारखं. मग सावकाश, अगदी सावकाश, प्लॉटकडं आलं. शेवटी एकदम.

आवाज मोठा नव्हता. कोरडा, तुटका आवाज. बिडाची मान दगडावर पडून दोन ठिकाणी तुटली. वरचं चाक सुटून गवतात थोडं घरंगळलं आणि आडवं पडलं.

मी धोंडिरामकडं धावले. तो जोत्यावर बसला होता. पायातून रक्त वाहत होतं, चामडी सोलली होती, पण पाऊल हलत होतं. मी त्याच्या पायाला हात लावला. तो पायाकडं बघतच नव्हता. मशीनकडं बघत होता.

"धोंडू, पाय हलतोय बघ," मी म्हटलं. "हलतोय की."



सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. दोन्ही हाडांना तडा होता. बाकी पाय शाबूत होता. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "आणखी थोडा वेळ तसाच अडकून राहिला असता तर?"

ते लिहिता लिहिता म्हणाले, "तसं सांगता येत नाही बाई. त्रास झालाही असता, नसताही."

मला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं. फार काही नाही, एकच वाक्य. ते मिळालं नाही.

आम्ही परतलो तेव्हा टेम्पो केव्हाचा येऊन उभा होता. टेम्पोवाला प्लॉटमध्ये मशीनभोवती फिरत होता, आणि गल्लीतली माणसं जमली होती. पाटील शेतावरून आले होते.

"कसं पडलं हो हे?" पाटलांनी विचारलं.

हे चपला काढत होते. वर न बघता म्हणाले, "धोंडिरामच्या हातून सुटलं."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागाने नाही. विनवल्यासारखं पाहिलं, आणि त्यानेच माझी वाचा बसली. बायकोने मशीन पाडलं, आपण 'सोड' म्हणत असताना बायकोने सगळ्यांसमोर पाडलं, हे त्यांना गल्लीत सांगायचं नव्हतं.

"फरशी ठोकून बघायला पाहिजे होती," पाटील म्हणाले.

"हो," हे म्हणाले. "बघायला पाहिजे होती."

लोक पांगल्यावर मी विचारलं, "फरशी बघितली नव्हती त्यानं? तुम्ही त्याच्याबरोबर उभे होता."

"मग काय सांगू?"

"जे झालं ते सांगा."

"काय झालं? सांग. तूच सांग काय झालं ते. टेम्पो आला होता, ठाऊक आहे? आपण धोंडूला घेऊन रिक्षात बसत होतो तेव्हा तो कोपऱ्यावर वळत होता. दोन मिनिटं थांबली असतीस तर जॅक लागला असता. पायही वाचला असता आणि मशीनही."

"आणि पाय गेला असता तर?"

"गेला नाही ना."

"मी ओढलं म्हणून गेला नाही."

"ते तुला काय ठाऊक?"

  मी तेव्हा दुसरं काय करायला हवं होतं असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, हेच. उद्या पुन्हा तसं झालं तर पुन्हा ओढेन. पण ठाऊक आहे का, तर नाही.

चार-आठ दिवसांनी मी डबा घेऊन धोंडिरामच्या घरी गेले. तो कॉटवर होता, पाय उशीवर. त्याची बायको छबू चहा करता करता म्हणाली, "वन्सं, ह्यांना समजवा की जरा. जेवत न्हाईत. म्हंत्यात, माझ्या हातून मशीन पडलं, आता मला कोण बोलवणार."

मी धोंडिरामकडं पाहिलं. त्याने भिंतीकडं तोंड केलं. म्हणजे त्याने बायकोलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं.

छबू पाणी भरायला बाहेर गेली. मी कॉटपाशी बसले.

"आण्णू भेटला होता," मी म्हटलं. "घोरपडे मालकांच्या मशीनचं काम दुसऱ्याला गेलं म्हणे."

"माझा पाय प्लास्टरात हाय. जाणारच की."

"पायामुळं नाही गेलं. तो म्हणाला, मालक म्हणत होते, धोंडिरामने घरच्याच माणसाचं मशीन पाडलं."

त्याने उशीवरचा पाय हातानं जरा सरकवला.

"धोंडू, मी घोरपड्यांकडं जाते. उद्यमनगरात ज्याच्या त्याच्या दारात जाऊन सांगते. मशीन तुझ्या हातून पडलं नाही, मी ओढलं. आण्णू आणि खलील साक्षीला आहेत. तुझ्या दाजींना काय वाटायचं ते वाटू दे."

"न्हाई."

"अरे पण का?"

तो कोपरावर उठला. त्याचा चेहरा पाहून मी मागं सरले.

"काय सांगणार हाईस? सांग की. धोंडिरामचा पाय अडकला, तवा त्याच्या बहिणीनं साखळी ओढली आणि मशीन पाडलं? धोंडिराम 'ओढू नको' म्हणून वरडत व्हता आणि बाईनं ऐकलं न्हाई? माझ्या कामावर एका बाईच्या हातात साखळी दिली व्हती मी, हे सांगणार? हसत्याल लोकं. त्यापेक्षा माझ्या हातून पडलं हेच बरं हाय."

"तुझा पाय होता तो धोंडू!"

"व्हय, माझा व्हता. तुझा न्हवता." तो थांबला. मग हळू आवाजात बोलायला लागला, आणि ते मला जास्त लागलं. "आक्का, मशीन पडलं न्हवतं गं. टेकलं व्हतं. टेकलेलं मशीन काढता येतंय. कितीदा काढलंय मी. पाय अडकला तरी मी हितनं काम सांगत व्हतो की न्हाई? जॅक आला असता, पाट उचलला असता, संध्याकाळपर्यंत मशीन पायावर उभं केलं असतं. पाय मोडला असता तर मोडला असता. एका पायाचा धोंडिरामसुद्धा लोकांनी खुर्चीत बसवून नेला असता, 'तू फक्त सांग' म्हणून. आता दोन पायाचा हाय. कोण बोलावतंय?"

"म्हणजे तू खरंच म्हणत होतास? ओढू नको म्हणून?"

"मग काय खोटं म्हणत व्हतो?"

छबू घागर घेऊन आत आली. त्याने पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. मी डबा रिकामा करून न घेताच निघाले.

ह्यांनी ती मान लोखंडी पट्ट्या मारून, वेल्डिंग करून जोडून घेतली. तुकड्यांनी शेडमध्ये नेलेलं मशीन काँक्रीटच्या पायावर उभं केलं. चालू केल्यावर वरचं चाक लंगडायचं, पातं चाकावरून उतरायचं. ह्यांनी ते कितीदा काढलं, बसवलं. शेवटी एका भंगारवाल्याला बोलावलं. त्याने घणाने फोडून तुकडे करून नेलं, कारण सबंध न्यायचं तर गल्लीतून पुन्हा तसंच उभं सरकवत न्यावं लागलं असतं. हे उद्यमनगरात दुसऱ्याच्या पॅटर्नशॉपमध्ये रोजावर जायला लागले. ते मला कधी टाकून बोलले नाहीत. फक्त पाहुणे आले आणि मागच्या शेडचा विषय निघाला की म्हणायचे, "मेव्हण्याच्या हातून पडलं. व्हायचं ते होतं." अगदी उदार मनाने म्हणायचे. पाहुणे त्यांचं कौतुक करायचे, मेव्हण्याबद्दल एक वाईट शब्द नाही म्हणून. मी चहाचे कप गोळा करायची.

धोंडिरामचं प्लास्टर निघालं, पाय बरा झाला. काम मात्र आलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी नाव ठेवलं नाही, नुसतं दुसऱ्याला बोलावलं. आण्णू आणि खलील एका क्रेनवाल्याकडं गेले. धोंडिराम एका साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. निळा गणवेश, शिट्टी, काठी.

त्या भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट तयार करून दुपारपर्यंत बसले. संध्याकाळी छबू एकटीच साडी घेऊन आली. "त्यांचा पाय दुखतोय," ती म्हणाली. पुढच्या वर्षीही पाय दुखत होता. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी त्याच्या घरी गेले तर तो ड्यूटीवर असायचा. आई गेली तेव्हा समोरासमोर आलो, पण तेव्हा माणसं फार होती. मग छबूही यायची थांबली, साडी कुणाच्या तरी हाती यायची. लोक विचारायचे, "भाऊ येत नाही का?" मी सांगायची, "त्याचा पाय दुखतो. अपघात झाला होता ना मागं."

वनिताचं लग्न ठरलं तेव्हा आमंत्रणाला हे स्वतः गेले. नवरीला मांडवात आणायला मामाच लागतो. ते टाळता येण्यासारखं नव्हतं.

तो आला. पांढरा सदरा, फेटा, मिशा पिकलेल्या. मी कार्यालयाच्या दारात त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. त्याने मान वाकवली, "बरी हाईस का आक्का?" विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत पुरुषांत जाऊन बसला. मुहूर्ताला गौरीहारापासून वनिताचा हात धरून तो तिला मांडवात घेऊन आला. मधल्या वाटेवर लाल गालिचा होता. सगळे नवरीकडं बघत होते. मी त्याच्या पायांकडं बघत होते. तो ताठ चालत होता. डावा पाय, उजवा पाय, सारखा. कुठं लंगडणं नाही, कुठं थबकणं नाही.

अक्षता पडल्या. पंगती बसायला लागल्या तसा तो चपला शोधू लागला. मी गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेले.

"धोंडू, जेवून जा."

"न्हाई आक्का. रातपाळी हाय."

"दोन घास. उभ्या उभ्या."

"पुन्हा कधी येतो की," तो म्हणाला आणि फाटकाकडं निघाला. बाहेर वाटेत कुणाची तरी सायकल आडवी पडलेली होती. तिला वळसा न घालता त्याने सहज पाय उचलला, ओलांडली, आणि रस्त्याला लागला.

हे माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. त्यांच्या हातात पानसुपारीचं तबक होतं. ते रस्त्याकडं बघत होते.

"पाय बरा झाला म्हणायचा त्याचा," ते म्हणाले.

त्या दिवसानंतर त्या पायाबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला शब्द. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना पुढं काही बोलायचं होतं की नाही, मला कळलं नाही. आतून कुणीतरी हाक मारली, पंक्तीत वाढायला माणूस कमी होता. मी आत गेले.